मेंढ्या तहानलेल्या राहिल्या

पूल ओलांडल्यावर सुल्तानाआत्यानं मेंढ्यांना पाणी न पाजताच सरळ खिंडीत नेऊन उभं केलं, आणि अंगणात कोकरू भाजायच्या सळईपाशी बसलेल्या स्तेर्ग्यू बार्दाचा हात जागच्या जागी थांबला.

"सुल्ताना," खिडकीकडे तोंड करून तो म्हणाला, "मेंढ्या तहानलेल्या राहिल्या."

आत गाणं तुटलं. गाणं तुटलं म्हणजे सुई थांबली, आणि सुई थांबली म्हणजे झालेले सगळे टाके उसवायचे. आमच्या पादिया गावाची रीतच तशी आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाच्या घरी निशाण शिवायचं. लाल-पांढरं कापड, चिवट लाकडाची क्रुसासारखी काठी, तिच्या टोकांवर तीन सफरचंदं आणि खाली एक घंटी. मुलाची आई शिवते आणि घरातल्या बायका गातात. लारिसाच्या मैदानातून कळप घेऊन वर डोंगरात यायची जी जुनी वाट, तिचा एकेक मुक्काम त्या गाण्यात येतो. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत गाणं तुटता कामा नये. तुटलं तर उसवा आणि पुन्हा मैदानातून निघा. तिसऱ्यांदा तुटलं तर मात्र ते घर निशाणाविना लग्न लावतं, आणि गाव ते नातवंडांच्या लग्नातही बोलून दाखवतं.

बाकीच्या घरांनी या भानगडीतून केव्हाच अंग काढून घेतलं होतं. खाली ग्रेवेना शहरातल्या दुकानात तयार निशाण मिळतं, झालर लावलेलं, सफरचंदंही प्लास्टिकची. आता गाऊन शिवणारं घर एकच उरलं होतं, बार्दांचं. जर्मनांनी गाव जाळलं त्या वर्षीसुद्धा आम्ही पोत्याचं निशाण शिवलं होतं, असं स्तेर्ग्यू प्रत्येक लग्नात सांगतो, आणि दर वेळी ते पोतं आणखी थोडं फाटकं झालेलं असतं.

आतल्या खोलीत एव्दोकियानं दातानं दोरा तोडला आणि मुकाट्यानं टाके उसवायला घेतले. निशाण तिच्या मिहाचं होतं, थोरल्या लेकाचं.

"उसव, उसव," सुल्तानाआत्या तिला ग्रीकमध्ये म्हणाली. मग शेजारणींकडे वळून आम्हा डोंगरातल्या मेंढपाळांच्या आर्मानी भाषेत म्हणाली, "सुईला भाषा लागत नाही म्हणून बरं. नाहीतर या खालचीला हेही जमलं नसतं."

बायका पदराआड हसाव्यात तशा रुमालाआड हसल्या. एव्दोकिया मान खाली घालून दोरा ओढत राहिली. खाली मैदानात, कापसाच्या शेतात वाढलेली ही मुलगी अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्तेर्ग्यूच्या थोरल्या मुलाशी, झिसीशी, लग्न करून वर आली, तेव्हापासून घरात तिचं नाव 'खालची'. तोंडावर सूनबाई, आणि तोंडावरच, पण आर्मानीत, खालची. तिला कळत नाही म्हटल्यावर पाठ फिरवायची तसदी कोण घेणार?

*

सुल्ताना घाबरली होती, पण हे तिनं मेलं तरी कबूल केलं नसतं.

भावजय देस्पा, स्तेर्ग्यूची बायको, होती तोवर हे गाणं देस्पा उचलायची. सुल्ताना तिच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं. ओळीतला पहिला शब्द देस्पाच्या तोंडून पडला की बाकीचे आपोआप यायचे. गाणं आपल्याला येतं असं सुल्तानाला चाळीस वर्षं वाटत होतं, आणि देस्पा गेल्यावर दोन वर्षं तिनं ते गावभर सांगितलंही होतं. आज पहिल्यांदाच ती पुढं चालली होती, आणि पुढं चालणाऱ्याला वाट माहीत असावी लागते हे तिला भर पुलावर कळलं.

"पुलानंतर अक्रोडाचा झरा," स्तेर्ग्यूनं खिडकीतून आठवण करून दिली.

"तिथं झरा आहे हे मला ठाऊक आहे. मी काय हेलिकॉप्टरनं येत होते? ओळ कुठं आहे ती सांग."

"ओळी बायकांच्या. मला कशा येणार?"

"मग कोकरू फिरव. करपतंय."

यात त्याची चूक नव्हती. त्यानं आयुष्यभर कळपाच्या मागं चालत हे गाणं ऐकलं होतं, पण वाऱ्यावर आलेलं, अर्धंमुर्धं. त्याला मुक्काम ठाऊक होते, शब्द नाहीत. मुलं तर आता लारिसाहून मेंढ्या ट्रकात घालून चार तासांत वर आणतात. ट्रक कुठल्याही झऱ्यापाशी थांबत नाही.

दुसऱ्यांदा सुरुवात झाली. मैदान झालं, नदीचा उतार झाला, जुनी सराई झाली. सुल्तानाचा आवाज ऐंशीच्या घरातला, पण अजून खणखणीत होता. बायकांनी खालचा सूर धरून ठेवला. पूल आला. पूल ओलांडला. सुल्तानानं श्वास घेतला आणि तोंड उघडलं, आणि आतून काही आलंच नाही. बायकांनी सूर ताणून धरला, जितका धरता येईल तितका. मग एकेकीचा श्वास संपला.

एव्दोकियाची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली होती.

"दमा आहे मला," सुल्ताना म्हणाली. तिला दमा नव्हता.

*

स्वयंपाकघरात वांगेलिया पिटाचे तुकडे करत होती. ही धाकटी सून. रक्तानं पक्की आमची, आई-बाप दोघं पादियाचे; पण वाढली सालोनिका शहरात. शाळेत पोरीला कुणी हसू नये म्हणून आई-बापांनी तिच्याशी आर्मानीचा शब्दही काढला नाही. त्यामुळं सुल्तानाआत्या तिला 'आपली' म्हणायची, पण काय म्हणते आहे ते तिला सांगायला दुभाष्या लागायचा.

एव्दोकिया पाणी प्यायला आली तशी वांगेलियानं दार लोटून घेतलं.

"वहिनी, आत्याबाई मघाशी काय म्हणाल्या हो? सगळ्या हसल्या ते?"

"मला काय कळतंय?" एव्दोकिया म्हणाली.

पंधरा वर्षं दोघी जावांचं हेच चाललं होतं. एक विचारायची आणि दुसरी खांदे उडवायची. त्या दोघींची मैत्रीच त्यावर जमली होती.

"बरं, रागावू नका," वांगेलियानं आवाज उतरवला. "मी येताना ग्रेवेनाहून एक तयार निशाण घेऊन आलेय. गाडीच्या डिकीत आहे. अडीअडचणीला असावं म्हणून. उद्या व्होलोसची माणसं येणार, आपल्या नवरीचे, अस्पासियाचे काका-मामा, त्यांना शिवलेलं काय आणि विकत घेतलेलं काय. समोरच्या झ्द्रावांनी नाही का लावलं?"

"तुला बरं सुचलं."

"तुम्हाला राग नाही ना आला?"

"नाही गं." एव्दोकियानं पेला उपडा ठेवला. "तू चांगल्या मनानं आणलंस."

राग नव्हताच. पण मिहाच्या बारशाला, मिहा शाळेत पहिला आला तेव्हा, प्रत्येक समारंभात या घरानं तिला पाहुणीच्या खुर्चीवर बसवलं होतं. आज पहिल्यांदा घराचं काहीतरी तिच्या हातात होतं, एक सुई का होईना. आणि त्या सुईच्या टोकाला प्लास्टिकची सफरचंदं लोंबायची वेळ आली होती.

*

वांगेलिया तयार निशाण घेऊन आत आली. झालर फारच चकाकत होती.

"हे काय?" सुल्ताना म्हणाली.

"आत्याबाई, तुमची तब्येत बरी नाही, म्हणून म्हटलं..."

"माझी तब्येत तुझ्यापेक्षा बरी आहे. आपली म्हणून तुला डोक्यावर घेतलं, आणि तू घरात दुकान आणलंस?"

"मग गा ना," वांगेलियाचाही तोल सुटला. "सकाळपासून पुलावर उभ्या आहोत आम्ही."

त्या दिवशी बायकांच्या खोलीत पुरुषांनी जायचं नसतं. पण स्तेर्ग्यू दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागं झिसी, आणि झिसीच्या मागं नवरदेव मिहा, अर्धी दाढी केलेला. स्तेर्ग्यूनं बहिणीकडे पाहिलं. सुल्ताना भिंतीकडे बघत होती. तिनं असं तोंड फिरवलेलं त्यानं त्यांची आई गेली तेव्हाच काय ते पाहिलं होतं.

समोरच्या घराच्या सज्ज्यात झ्द्रावांच्या बायका कपडे वाळत घालायच्या निमित्तानं कधीच्या उभ्या होत्या. तेच तेच फडकं त्यांनी तीनदा झटकलं होतं.

"जाऊ दे, सुल्ताना," म्हातारा आर्मानीत म्हणाला. "देस्पा गेली तेव्हाच ते गेलं. आपण उगाच ओढत होतो. उरलेत कोण? तू आणि मी. आपण दोघं आणि मेंढ्या." मग वांगेलियाकडे वळून ग्रीकमध्ये म्हणाला, "आण ते इकडं."

"मामंजी, थांबा," एव्दोकिया म्हणाली. "अजून एक खेप उरलीय."

"गाणार कोण?" सुल्ताना भिंतीशीच बोलली. "तुझी सुई?"

एव्दोकिया उठली. गुडघ्यावरचं उसवलेलं कापड तिनं सुल्तानाच्या मांडीवर पसरलं आणि तिच्या बोटांत सुई दिली.

"सुईला भाषा लागत नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "तुम्ही धरा."

हे ती आर्मानीत म्हणाली. सावकाश, स्वच्छ, देस्पाच्या हेलात.

झिसी दाराची चौकट धरून राहिला. आणि सुल्तानाच्या तोंडून काही निघायच्या आत एव्दोकियानं डोळे मिटून गाणं उचललं. गाणं सुरू झाल्यावर सुई चालवावीच लागते, मग सुल्तानानं ती चालवली.

*

तिला कुणी शिकवलं होतं का? तसं पाहिलं तर कुणीच नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात ती या वाटेनं चालत आली होती. तेव्हा मेंढ्या ट्रकातून येत नव्हत्या. मैदानातली पोर, पायात नव्या नवरीचे बूट, तिसऱ्या दिवशी टाचांची सालं निघालेली. सगळे पुढं निघून गेले. ती पुलापलीकडच्या झऱ्यापाशी बसून रडत होती. देस्पा खेचर घेऊन परत मागं आली, बोलली काहीच नाही, तिचे बूट काढले आणि तिचे पाय पाण्यात धरले. मग ओंजळ भरून तिच्या ओठांशी नेली. "आपा," ती म्हणाली. पाणी. एव्दोकियाचा आर्मानीतला पहिला शब्द तो. पुढं सगळी वाट देस्पा खेचराच्या मागून गुणगुणत चालली आणि सून तिच्या मागून.

तेव्हाच ती सांगणार होती की मला थोडं थोडं कळतं. पण वर पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिनं सुल्तानाआत्याला आपल्याबद्दल बोलताना ऐकलं, आणि ठरवलं की आपल्याला कळतं हे यांना न कळलेलंच बरं. आधी रागानं गप्प राहिली. मग गंमत वाटायला लागली. पुढं सवयच झाली.

आणि शेवटचे दोन हिवाळे, लारिसाच्या फ्लॅटमध्ये, देस्पाचं ग्रीक पुसून गेलं होतं. डॉक्टर विचारायचे आणि ती त्यांना आर्मानीत मेंढ्या मोजायला सांगायची. मुलं कामावर. दिवसभर दोघीच. देस्पा गायची आणि सून दुसरी ओळ म्हणायची, कारण न म्हटली तर म्हातारी वाटेतच अडून बसायची. त्या दोन हिवाळ्यांत बंद खिडक्यांच्या खोलीतून त्या दोघी कित्येकदा डोंगर चढून आल्या होत्या.

मैदान झालं. नदीचा उतार झाला. सराई झाली. पहिल्यांदा बायका सूर धरायलाच विसरल्या होत्या, मग एकीनं धरला, आणि बाकीच्या आल्या. पूल आला. दारातल्या स्तेर्ग्यूनं डोक्यावरची टोपी काढली.

पूल सुटला, धूळ सुटली, थांब गं माझी राणी,
अक्रोडाच्या सावलीखाली थंडगार गं पाणी.
पाठीवर ऊन, पायांत पिल्लू, कशाला एवढे हाल?
डोंगर कुठं पळून जातो? आधी पी, मग चाल.

"आधी पी, मग चाल," सुल्तानाच्या तोंडून निघालं. अर्ध्या श्वासाच्या अंतरानं. तिला रडू फुटलं होतं आणि तरी ती गात होती, शिवत होती, आणि डोळ्यांत पाणी असल्यामुळं टाके वाकडेतिकडे पडत होते. मेंढ्या पाणी प्यायल्या. मग त्या खिंडीत गेल्या, खिंडीतून पाइनच्या रानात, रानातून पादियाच्या माळावर. घंटा ऐकू आल्या, चर्चचा मनोरा दिसला. झिसी गात नव्हता, पण त्याचे ओठ हलत होते. मिहानं अर्ध्या दाढीवर टॉवेल धरला होता. शेवटची गाठ बसली तेव्हा बायका आणखी दोन ओळी तशाच गात राहिल्या, थांबवायचं कुणालाच सुचेना.

निशाण छपरावर चढलं. समोरच्या सज्ज्यातलं फडकं खाली रस्त्यावर पडलं, ते उचलायला कुणी आलं नाही.

*

आनंद ओसरायला लागला तसा हिशेब सुरू झाला. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक बार्दा मनातल्या मनात अठ्ठावीस वर्षं मागं जात होता आणि आपण काय काय बोललो होतो ते आठवत होता. कोकरू समोर होतं, पण त्याला कुणी हात लावेना.

"कधीपासून?" शेवटी सुल्तानानं विचारलं. आर्मानीतच.

"दुसऱ्या आठवड्यापासून. तुम्ही म्हणाला होतात, ही मेंढीची धार काढते का मांजर कुरवाळते."

"ते मी प्रेमानं म्हटलं होतं."

"हो, प्रेमळ तर तुम्ही आहातच."

झिसीनं ताटातून डोकं वर काढलं नाही. "म्हणजे... मी धाकट्याला म्हटलं होतं, सुपाबद्दल..."

"की हिचं सूप म्हणजे पाय धुतलेलं पाणी. अहो, म्हणून तर दुसऱ्या दिवशी तेवढं मीठ पडलं."

"आणि ती लसूण?"

"ती तुम्ही माझ्या भावाला बैल म्हणालात त्याची."

आपल्या घरात काही तरी बाहेरचं, भुताखेताचं आहे, तक्रार केली की दुसऱ्या दिवशी भोगावं लागतं, अशी झिसीची पंचवीस वर्षं समजूत होती. तो हळूहळू हसायला लागला आणि मग त्याला ठसका लागला.

सगळ्यात जास्त वांगेलिया चिडली होती. "पंधरा वर्षं, वहिनी! पंधरा वर्षं मी तुम्हाला विचारतेय आणि तुम्ही मला काय कळतंय, मला काय कळतंय!"

"सांगितलं असतं तर तू पंधरा वर्षं आत्याबाईंच्या पाया पडली असतीस?"

"माझ्याबद्दल काय म्हणायच्या?"

"पुढच्या हिवाळ्यात लारिसाला ये. भाषाच शिकवते. मग तूच ऐक."

स्तेर्ग्यू टेबलाच्या टोकाला बसून ब्रेडचा एकच तुकडा चुरत होता. तोही हिशेब करत होता. ही पोरगी झाडूच्या काडीसारखी आहे, शरदापर्यंत टिकत नाही, असं तो लग्नाच्याच दिवशी देस्पाला म्हणाला होता, नवरी शेजारी उभी असताना.

"मामंजी," एव्दोकिया म्हणाली. "चांगलंही ऐकलंय मी."

"मी कधी चांगलं बोललो?"

"सासूबाईंना मातीआड केलं त्या दिवशी. लेकांकडे पाठ करून तुम्ही सुल्तानाआत्याला म्हणालात, माझ्या पोटच्या पोरांनी केलं नसतं ते हिनं केलं. मी कॉफी ओतत होते."

हे तिला तिच्या भाषेत सांगायची म्हाताऱ्याला दोन वर्षं लाज वाटली होती. त्यानं हात पुढं करून तिच्या पेल्यात द्राक्षांची कडक दारू, त्सिपुरो, ओतली, आधी तिच्या, मग स्वतःच्या. घरातल्या थोरल्या बाईला असं ओततात, आणि देस्पानंतर त्यानं कुणाला ओतली नव्हती.

"निशाण वाकडं दिसतंय," सुल्ताना खिडकीतून वर बघत म्हणाली.

"शिवणाऱ्या बाईचे डोळे गेलेत," एव्दोकिया म्हणाली. "तिला भाषा येते, पण सुई येत नाही."

सुल्तानानं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग ती इतकी हसली की तिला खरंच दमा लागतो की काय असं वाटलं.

*

रविवारी संध्याकाळी वाकडं निशाण पुढं आणि क्लॅरिनेट मागं अशी वरात चर्चमधून घरी आली. व्होलोसच्या बंदरातली नवरी, अस्पासिया, उंबऱ्यापाशी थांबली. चढावर तिचे बूट लागले होते. ते तिनं हातात घेतले होते, आणि सगळं गाव आपल्याकडे बघतंय हे कळून ती पांढरी पडली होती.

शेजारणींनी माना जुळवल्या. एकीनं आर्मानीत सुरुवात केली, "हे बंदरातलं पाखरू काय डोंगरात..."

"हळू बोल गं," सुल्ताना पुढं येत म्हणाली. "हिलाही कळत असेल."

सगळ्यांनी नवरीकडे संशयानं पाहिलं. अस्पासियाला अक्षर कळलं नव्हतं, पण ती कसनुशी हसली, आणि त्या हसण्यानं शेजारणींची खात्रीच पटली.

एव्दोकिया आतून पेला भरून घेऊन आली. तिनं सुनेच्या हातातले बूट काढून घेतले आणि पेला तिच्या ओठांशी धरला. झिसी, मिहा, वांगेलिया, म्हातारा, सगळे थांबले होते. घाई असलेल्या क्लॅरिनेटवाल्यांनाही सुल्तानानं हातानं थांबवलं.

"आपा," एव्दोकिया म्हणाली.

मुलीनं पेल्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं.

"आपा," ती म्हणाली.

"आधी पी," एव्दोकियानं सांगितलं. "मग चाल."